उड्डाण प्रशिक्षक

विमान चालवायला शिकवण्याचा अधिकार मिळालेला वैमानिक. नियमित प्रवासी सेवा आणि लष्करी उड्डाणे वगळून उरणाऱ्या छोट्या विमानांच्या जगात, म्हणजे जनरल एव्हिएशनमध्ये, सुरक्षिततेचा बराचसा भार त्याच्यावर असतो. विमान कंपनीतील वैमानिकाच्या शेजारी सहवैमानिक असतो, शिवाय त्याला ठरावीक काळाने सिम्युलेटरवर परीक्षा द्यावी लागते. खासगी वैमानिक बहुधा एकटा उडतो. सुरुवातीच्या पन्नासेक तासांत अंगवळणी पडलेले चूक-बरोबर त्याला पुढे वर्षानुवर्षे पुरते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रशिक्षकाची वेगळी तयारी करून घेण्याची पद्धत जवळजवळ नव्हतीच. रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी १९१७ मध्ये इंग्लंडमधील गॉसपोर्ट येथे ती घातली. अवघड अवस्थांपासून शिकाऊ वैमानिकाला दूर न ठेवता दुहेरी नियंत्रणाच्या ॲव्रो ५०४ विमानातून मुद्दाम त्यांत न्यायचे आणि बाहेर पडायला शिकवायचे, असा त्यांचा आग्रह होता. इंजिनाच्या आवाजात प्रशिक्षकाचे बोलणे ऐकू यावे म्हणून वापरलेली बोलनळी ‘गॉसपोर्ट ट्यूब’ म्हणून ओळखली जाते.

छोट्या विमानांच्या प्राणघातक अपघातांत हवेत नियंत्रण सुटणे हे आजही प्रमुख कारण आहे. नेहमीचे उदाहरण धावपट्टीकडे वळतानाचे. वळण लांबते, धावपट्टीची रेषा ओलांडली जाते. वैमानिक आतल्या बाजूचा रडर (नाक डावी-उजवीकडे फिरवणारे शेपटीचे सुकाणू) दाबतो आणि नाक खाली जाऊ नये म्हणून नियंत्रणाचा दांडा मागे ओढतो. पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन मर्यादेबाहेर गेला की स्टॉल होतो, म्हणजे पंखांची उचल एकाएकी घटते, मग वेग कितीही असो. त्यात रडर असमतोल असेल तर विमान स्पिनमध्ये शिरते, म्हणजे गिरक्या घेत खाली येऊ लागते, आणि जमीन काहीशे फुटांवर असताना सावरायला उंचीच उरत नाही. हे फळ्यावर समजावणे सोपे आहे. पण स्वतः प्रशिक्षकालाच स्टॉलची धास्ती असेल तर तो सराव घाईने उरकतो, आणि विद्यार्थी ती धास्ती त्याच्याकडून उचलतो. अमेरिकेत १९४९ पासून खासगी परवान्यासाठी स्पिनचा सराव सक्तीचा नाही. विमानाच्या प्रशिक्षकाला मात्र तो करावाच लागतो.

तिथे प्रशिक्षक होण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत, शिवाय व्यावसायिक परवाना, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचे न दिसता केवळ उपकरणांवर उडण्याची पात्रता) आणि अध्यापनतत्त्वांची लेखी परीक्षा. उड्डाणाच्या तासांची अट त्या मानाने हलकी आहे, त्यामुळे कालचा विद्यार्थी आज शिकवायला बसू शकतो. अनेकांसाठी ही नोकरी म्हणजे विमान कंपनीत जाण्यापूर्वी तास भरण्याचा मार्ग. २००९ मध्ये बफेलोजवळ झालेल्या प्रवासी विमानाच्या अपघातानंतर सहवैमानिकांसाठीही साधारण १५०० तासांची अट आली आणि हा ओघ वाढला. त्या विमानातील दोघांचेही तास १५०० हून बरेच अधिक होते; चूक झाली ती स्टॉलची सूचना मिळाल्यावर दांडा मागे ओढण्यात.

तरुण प्रशिक्षक वाईटच असतो असे नाही. नुकतेच शिकलेल्याला विद्यार्थ्याची अडचण चटकन कळते. त्याच्याकडे सहसा नसतो तो हस्तक्षेपाचा अंदाज. फार लवकर हात घातला तर विद्यार्थी चूक सुधारायला शिकत नाही, उशीर झाला तर विमान जाते. म्हणूनच नियंत्रण कोणाकडे आहे हे दोघांनी मोठ्याने बोलून पक्के करण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावतात. हा अंदाज अनुभवी प्रशिक्षकाच्या शेजारी बसूनच येतो, त्यामुळे नव्या प्रशिक्षकाला कोणी घडवले हा प्रश्न कळीचा ठरतो. अमेरिकेतील एका जुन्या नियमानुसार नव्या प्रशिक्षकाला तयार करणाऱ्याकडे किमान २४ महिन्यांचा अधिकार आणि २०० तासांचे अध्यापन असावे लागे.