नाडी आणि जीभ परीक्षा (चिनी पारंपरिक वैद्यक)

चिनी पारंपरिक वैद्यकात रोग ओळखायच्या चार पद्धती धरतात: बघणं, ऐकणं आणि वास घेणं (हे दोन्ही एकाच खात्यात), विचारणं, आणि हात लावून तपासणं. जीभ पहिल्या पद्धतीत येते, नाडी शेवटच्या. काढ्यात कुठली वनस्पती वाढवायची, कुठली काढायची हे चारही मिळून ठरतं. काही न विचारता नुसतं मनगट धरणाऱ्या वैद्याला जुन्या ग्रंथांनीच नावं ठेवलीयत.

नाडीपरीक्षा नेमकी कधी सुरू झाली यावर एकमत नाही. इतिहासकार सिमा च्येन (इ.स.पू. 100 च्या आसपास) सगळं श्रेय ब्येन छ्वे या वैद्याला देतो, पण ब्येन छ्वेच्या गोष्टी काही शतकांवर पसरलेल्या आहेत त्यामुळे तो एकच माणूस मानणं कठीण जातं. सिमा च्येनच्या त्याच प्रकरणात छुन्यू यी या इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या वैद्याच्या 25 रुग्णांच्या नोंदी आहेत आणि बहुतेक ठिकाणी निदान नाडीवरून केलंय, तेव्हा पुरावा म्हणून हा भाग जास्त भरवशाचा. 1973 मध्ये चीनमधल्या छांगशा शहराजवळ मावांगद्वेइच्या थडग्यात (बंद झालं इ.स.पू. 168) रेशमावर लिहिलेले वैद्यकीय मजकूर सापडले, त्यात शरीरभर जाणाऱ्या वाहिन्या आहेत पण मनगटाचे तीन भाग नाहीत. ह्वांगदी नेइजिंग या चिनी वैद्यकाच्या मूळ ग्रंथातही डोकं, हात, पाय मिळून नऊ जागी नाडी बघायची पद्धत दिलीय. फक्त मनगट पुरेसं आहे हा आग्रह नानजिंग या ग्रंथात (शहराशी संबंध नाही) येतो, त्याचा काळ साधारण इ.स. पहिलं-दुसरं शतक धरतात. म्हणजे आज जी पद्धत ‘प्राचीन’ म्हणून दाखवतात ती आधीच्या पसरट पद्धतीतून आवळत आलेली दिसते.

मनगटाच्या या तीन जागा म्हणजे त्सुन, ग्वान आणि छ्र. रुग्णाचा तळहात वर, मनगटाखाली छोटी उशी, हात हृदयाच्या पातळीला. वैद्य आधी मधलं बोट अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्याशी टेकवतो, ते ग्वान. मग तर्जनी हाताच्या पंजाकडे, अनामिका कोपराकडे. आधी हलकं, मग मध्यम, मग खोल दाबायचं. वेग मोजायला वैद्याचा स्वतःचा श्वास: एका श्वासात चार-पाच ठोके म्हणजे ठीक, तीन म्हणजे मंद, सहा म्हणजे जलद.

प्रत्येक जागा एकेका अवयवाची मानतात. त्सुनपासून क्रमाने डाव्या हाताला हृदय, यकृत, मूत्रपिंड आणि उजव्या हाताला फुप्फुस, प्लीहा आणि पुन्हा मूत्रपिंड (किंवा ‘मिंगमेन’, म्हणजे जीवनद्वार), इथपर्यंत बहुतेकांचं जमतं. भांडण आतड्यांवरून आहे. तिसऱ्या शतकातल्या वांग शूहे या वैद्याच्या मायजिंग या नाडीग्रंथात लहान आतडं हृदयासोबत आणि मोठं आतडं फुप्फुसासोबत, म्हणजे दोन्ही त्सुनला बसवलीयत, कारण वाहिन्यांच्या जोड्या तशा आहेत. मिंग काळातल्या (1368–1644) जांग ज्येबिनसारख्या वैद्यांचं म्हणणं की आतडी पोटात खाली, मग ती छ्रलाच हवीत. दुसरं मत सरळ वाटतं, पण पहिलं ग्रंथपरंपरेला जास्त धरून आहे. दोन्ही मतांचे वैद्य शतकानुशतकं रुग्ण बघत राहिले ही गोष्ट मात्र विचार करायला लावणारी आहे.

नाडीचे प्रकारही वाढत गेले. वांग शूहेचे 24, ली शीजन या वैद्याचे (1564) 27, पुढे एक भर पडून 28, आणि हाच आकडा आज पाठ्यपुस्तकांत. निसरडी नाडी ताटात मोती घरंगळल्यासारखी, खरखरीत नाडी हलक्या सुरीने बांबू तासल्यासारखी, असं वर्णन असतं. मनात कळायला सोपं, बोटाखाली ओळखायला अवघड, ही कबुली खुद्द वांग शूहेने प्रस्तावनेत दिलीय.

जिभेचं शास्त्र त्यामानाने बरंच नवं. जीभ बघणं नेइजिंगमध्येही आहे, पण फक्त जिभेवरचा म्हणून ओळखला जाणारा ग्रंथ युआन काळातला (मंगोल राजवटीतला), 1341 चा. आधीच्या 12 चित्रांत दू छिंगबीने भर घालून 36 केली. पुढे तापाच्या साथींवर लिहिणाऱ्या ये थ्येनश या वैद्याने (18वं शतक) जीभपरीक्षेला वजन दिलं. जिभेचं टोक हृदय-फुप्फुसाचं, मध्य पोट-प्लीहेचा, कडा यकृत-पित्ताशयाच्या, मूळ मूत्रपिंडाचं. पातळ पांढरा थर नॉर्मल, पिवळा म्हणजे उष्णता, जाड चिकट म्हणजे ओलावा, कडेला दातांचे ठसे म्हणजे प्लीहा कमकुवत. कॉफी, हळद किंवा गोळ्यांनी रंगलेली जीभ दिशाभूल करते म्हणून दिवसाच्या उजेडात आणि खाण्याआधी बघायची.

चीनबाहेर हे नाडीशास्त्र फार्सीत इराणच्या मंगोल दरबारातल्या रशीदुद्दीनच्या संकलनातून (1313) आणि युरोपात 1682 च्या लॅटिन ग्रंथातून गेलं. तिबेटी वैद्यकात तीन बोटांच्या जागांची नावं चिनीवरूनच आलेली दिसतात. आपल्याकडे चरक-सुश्रुतात नाडीपरीक्षा नाही, ती ठळकपणे शार्ङ्गधरसंहितेत येते, 13व्या-14व्या शतकाच्या आसपास. म्हणून काहीजण उगम चिनी सांगतात, काही युनानी. पण आपल्या पद्धतीत तीन बोटांखाली वात-पित्त-कफ बघतात, अवयव नाही, त्यामुळे सरळ चिनी उसनवारी मानणं जरा घाईचं होईल.

आधुनिक चाचण्यांत एकाच रुग्णाची नाडी किंवा जीभ बघून वेगवेगळे वैद्य बऱ्याचदा वेगवेगळं सांगतात. नाडी मोजणारे सेन्सर आणि जिभेचे फोटो वाचणारे प्रोग्रॅम चीनमध्ये बनतायत, पण प्रकाश बदलला की फोटोतला रंग बदलतो, ही अडचण त्यांनाही आहेच.