टीपॉयचा रंग आणि जवसाची चटणी

जुलैत खानापूरला घरीच एक टीपॉय केला. एक फळी, चार पाय. लांबी (पुट्टी) भरून पॉलिश पेपर मारला, अस्तर दिलं आणि वर निळा ऑइल पेंट. बाहेर पावसाची झड, म्हणून मागच्या खोलीत ठेवून खिडक्या लावून घेतल्या. एकाच हातात काम व्हावं म्हणून रंग जाड दिला. तिसऱ्या दिवशी वर ठेवलेलं वर्तमानपत्र चिकटून बसलं. शेजारचे काका म्हणाले, "रंगातलं पाणी उडायला ऊन पाहिजे रे."

पण ऑइल पेंटमध्ये पाणी नसतंच. पातळ करायला घातलेलं टर्पेंटाइन काही तासांत उडतं. त्यानंतर जे घडतं, ते दोरीवरच्या कपड्यांच्या उलट असतं. कपडे हलके होतात, तेलाचा थर मात्र हवेतला ऑक्सिजन शोषून काही काळ जड होत जातो. म्हणजे रंग वाळत नाही, तो जमून येतो.

ही क्रिया आपल्या स्वयंपाकघरातलीच आहे. आपल्याकडे भाकरीबरोबर जवसाची चटणी असते, कानडीत जवसाला अगसी म्हणतात. ही चटणी जुनी झाली की खवट लागते. त्याच जवसाचं तेल शेकडो वर्षं रंगात वापरलं जातंय. चटणीला खवट करणारा आणि रंगाला कडक करणारा ऑक्सिजन एकच.

जवसाच्या तेलात साधारण निम्मं लिनोलेनिक आम्ल असतं. त्याच्या साखळीत कार्बनचे १८ अणू आणि तीन दुहेरी बंध असतात. दोन दुहेरी बंधांच्या मधे जो कार्बन असतो, त्याचा हायड्रोजन फार सैल धरलेला असतो. तो निघाला की त्या जागी एक एकटा इलेक्ट्रॉन उरतो. असा रेणू लगेच ऑक्सिजनला पकडतो. त्यातून तयार झालेला नवा रेणू शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढून घेतो आणि स्वतः पेरॉक्साइड, म्हणजे ऑक्सिजनच्या दोन अणूंची जोडी असलेला रेणू, होतो. आता शेजारीण एकटी पडली; तीही तेच करते. पेरॉक्साइड फुटून असे आणखी अस्थिर तुकडे निघतात आणि ते एकमेकांना भेटले की दोन साखळ्या कायमच्या जोडल्या जातात. हजारो साखळ्या अशा जोडल्या गेल्या की तेलाचं जाळं होतं, आणि जाळं वाहत नाही. मला या क्रियेचं अजूनही नवल वाटतं. डब्यातला रंग हवेवाचून वर्षानुवर्षं पातळ राहतो, आणि झाकण सैल राहिलं की वर साय धरते, ती याचमुळे. शेंगदाण्याच्या तेलात असे दुहेरी बंध कमी, म्हणून ते रंगाला चालत नाही. आजच्या एनॅमलमध्ये, म्हणजे बाजारातल्या ऑइल पेंटमध्ये, अशाच तेलांपासून केलेलं अल्किड रेझिन (राळेसारखा पदार्थ) असतं आणि पेरॉक्साइड लवकर फुटावेत म्हणून कोबाल्टसारख्या धातूंची संयुगं घातलेली असतात.

आता माझ्या टीपॉयचं कोडं सुटतं. जाड थराचा वरचा पापुद्रा आधी जमला आणि खालच्या तेलाला ऑक्सिजन मिळेना. पापुद्रा ऑक्सिजन घेऊन फुगला, खाली मऊ, म्हणून सुरकुत्या पडल्या. कडक उन्हात ठेवला असता तर पापुद्रा आणखी लवकर धरला असता. पावसाळी गारवा क्रिया मंद करतो, हे मात्र खरं.

याच क्रियेत उष्णताही निघते. टेबलावर ती हवेत जाते. पण जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर उष्णता आत साठत जाते आणि काडी न लावता चिंध्या पेटू शकतात. आपल्या भागात आपोआप लागलेल्या आगीला भानामती म्हणणारे आजही भेटतात. अशा आगीचं कारण रसायनात सापडतं, नाहीतर कुणा माणसाच्या हातात. चिंध्या एकेक पसरून बाहेर वाळत घालाव्यात किंवा पाण्याच्या डब्यात बुडवाव्यात.

अडगळीतला जुना डबा मात्र वापरू नका. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आली; त्याआधीच्या रंगात शिसं बरंच असू शकतं. घरात लहान मुलं असतील तर जुना रंग कोरडा घासूही नका.

माझा निळा थर मी पूर्ण खरवडला. नोव्हेंबरात, खिडक्या उघड्या ठेवून, तीन पातळ हात दिले. दर दोन हातांमध्ये पूर्ण एक दिवस सोडला आणि बारीक पॉलिश पेपर मारला. आठवडाभराने त्यावर वर्तमानपत्र ठेवलं आणि सहज उचललं.