माल विकला म्हणून सातबारा बदलत नाही: मानधन आणि रॉयल्टी

गेल्या महिन्यात सार्वजनिक वाचनालयाच्या पायऱ्यांवर एक तरुण भेटला. पिंपळगाव बसवंतकडचा, घरची द्राक्षबाग. खरड छाटणीपासून माल गाडीत भरेपर्यंतच्या वर्षावर तो एका नियतकालिकासाठी १२ भागांची लेखमाला लिहितोय. हातात त्यांचं पत्र होतं. "ताई, भागाला १,५०० रुपये मानधन देतायत. म्हणजे लेख त्यांचेच झाले ना? पुढे पुस्तक करायचं तर रॉयल्टीच मागायला हवी होती का?"

ललितेतर लिहून घर चालवू पाहणारी बरीच मंडळी इथेच अडखळतात. मीही अडखळले होते.

मानधन म्हणजे लिहून दिल्याबद्दल ठरलेली रक्कम. अंक खपो न खपो, ती मिळते, आणि एकदाच मिळते. रॉयल्टी म्हणजे विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे लेखकाचा वाटा. बागेच्या भाषेत पहिला सौदा उक्ता, दुसरा किलोवर. हे त्याला लगेच कळलं. घोळ होतो तो पुढे. पैसे कसे मिळाले त्यावरून हक्क कोणाकडे गेले हे ठरतं, असं आपण धरून चालतो. पण माल उक्ता द्या की किलोवर, सातबाऱ्यावरचं नाव त्याने बदलत नाही. त्यासाठी वेगळा कागद करावा लागतो.

लिखाणाचंही तसंच आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे लिहिणाऱ्याच्या मजकुराचा पहिला मालक तो स्वतःच असतो, मानधन घेतलं तरीही. (पगारी नोकरीत लिहिलेल्याचे नियम वेगळे आहेत.) त्यासाठी नोंदणीचीही सक्ती नाही. हा हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचा तर लेखी करार लागतो आणि त्यावर सही लागते. नुसतं फोनवर "हो, चालेल" म्हटल्याने तो जात नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत.

आता उलट बाजू. रॉयल्टी मिळतेय म्हणजे हक्क आपल्याकडेच आहेत, असंही नाही. माझं पहिलं पुस्तक पांडवलेण्यांतल्या शिलालेखांवरचं. गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन करणारा त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख मी तिथे बसून वहीत ओळीओळीने उतरवला होता. करारावर '१० टक्के रॉयल्टी' वाचून मी खूश झाले. त्याखालची 'सर्व भाषांतील व सर्व माध्यमांतील हक्क, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी' ही ओळ वाचून पुढे गेले. ती संपूर्ण मुदत म्हणजे माझी हयात आणि नंतरची ६० वर्षं. रॉयल्टी मात्र फक्त मराठी आवृत्तीवर लिहिली होती. २०२१च्या डिसेंबरात नाशिकला ९४वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा ग्रंथप्रदर्शनात एका वाचकाने सांगितलं, "तुमच्या पुस्तकाचा हिंदी अनुवाद वाचला, छान झालाय." मला त्याचा पत्ताच नव्हता. त्या अनुवादाचा एक रुपया मला मिळाला नाही, आणि करार बघता मागायला जागाही नव्हती. आजही ते आठवलं की जीव तुटतो.

रॉयल्टीचा टक्का कशावर मोजायचा, हेही करारात उघड हवं. समजा पुस्तकाची छापील किंमत ३०० रुपये आणि रॉयल्टी १० टक्के. छापील किमतीवर मोजली तर प्रतीमागे ३० रुपये. विक्रेत्याला ४० टक्के सूट देऊन उरलेल्या १८० रुपयांवर मोजली तर १८. हजार प्रती खपल्या तर एकीकडे ३०,००० आणि दुसरीकडे १८,०००. कागदावर दोन्हीकडे '१० टक्के'च दिसतं. हिशेब किती महिन्यांनी मिळणार, तेही लिहून घ्यावं.

मानधनाला मी कमी लेखत नाही. माझा किराणा, वीजबिल आणि गावोगाव फिरण्याचं एसटीभाडं वर्षानुवर्षं त्यातूनच निघालंय. रॉयल्टीने महिन्याचं घर चाललं असं मला तरी कधी झालं नाही. पण अभ्यास करून लिहिलेला मजकूर एकदाच कामाला येत नाही. आज लेखमाला, दोन वर्षांनी पुस्तक, मग अनुवाद, ऑडिओ. यातलं प्रत्येक वळण लेखकाच्या हातात राहायला हवं, म्हणून मानधन घेतानाही हक्कांची ओळ वाचायची.

त्या मुलाच्या पत्रात शेवटी बारीक अक्षरात ती होतीच: 'लेखमालेचे सर्व हक्क आमच्याकडे राहतील. मान्य असल्यास सही करून पाठवावे.' सही अजून झाली नव्हती. आम्ही पायरीवरच बसून त्याऐवजी लिहिलं: 'अंकात व संकेतस्थळावर प्रथम प्रकाशनाचा हक्क आपला. पुस्तक, अनुवाद व ऑडिओचे हक्क लेखकाकडे.' मानधनाचा आकडा तसाच ठेवला. चार दिवसांनी त्याचा फोन आला. त्यांनी एकच अट घातली होती: पुस्तकात 'पूर्वप्रसिद्धी' म्हणून अंकाचा उल्लेख हवा. त्याने लगेच होकार दिला होता आणि तो गोडीबार छाटणीच्या भागाला लागला होता.