मर्म (शारीर, युद्धकला व उपचार)

मर्म : शरीरातील अशी जागा, की जिथे मार बसला असता जीव जातो, एखादा अवयव कायमचा अधू होतो किंवा निदान असह्य कळ येते. हा शब्द 'मृ' म्हणजे मरणे या धातूवरून आला असून 'मारतात म्हणून मर्मे' अशी त्याची फोड जुने ग्रंथकार देतात. युद्धकला आणि वैद्यक या दोन्ही शाखांना ही कल्पना सारखीच लागते. एकीला घाव कुठे घालावा हे ठरवायचे असते, दुसरीला शस्त्र कुठे चालवू नये हे. नकाशा मात्र दोघींचा एकच आहे.

ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात लढाईला निघालेल्या योद्ध्याला उद्देशून 'मर्माणि ते वर्मणा छादयामि', म्हणजे तुझी मर्मे मी कवचाने झाकतो, असे म्हटले आहे (6.75.18). संस्कृतात वर्म म्हणजे कवच. मराठीत मात्र आपण 'वर्मी घाव बसला' म्हणतो तेव्हा वर्म म्हणजे मर्मच असते. झाकणारी वस्तू आणि झाकली जाणारी जागा यांचे नाव एकच होऊन बसले आहे. तमिळमध्येही या विद्येला वर्मम् असेच म्हणतात.

सुश्रुताची मांडणी : मर्मांचे सर्वांत पद्धतशीर विवेचन सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील सहाव्या अध्यायात आहे. मांस, सिरा, स्नायू, अस्थी आणि संधी यांचा जिथे मेळ पडतो ते मर्म, आणि तिथे प्राण स्वभावतःच विशेषेकरून वसतात, अशी सुश्रुताची व्याख्या आहे. (आयुर्वेदातला 'स्नायू' आजच्या मराठीतला स्नायू नव्हे, त्याचा अर्थ अस्थिबंध आणि कंडरा यांच्या जवळ जातो. या एका शब्दाने पुष्कळ वाचकांचा गोंधळ होतो.) मर्मे एकूण 107. हातापायांत प्रत्येकी 11 म्हणजे 44, पोट व छातीत 12, पाठीत 14 आणि गळ्यापासून वर 37. कोणत्या घटकाचे प्राबल्य आहे यावरून हीच मर्मे मांसाची 11, सिरांची 41, स्नायूंची 27, अस्थींची 8 आणि संधींची 20 अशी विभागली आहेत. वाग्भटाने अष्टांगहृदयात धमनीमर्मांचा सहावा वर्ग काढून हे आकडे थोडे बदलले, बेरीज मात्र 107 च ठेवली. चरकाचा भर शिर, हृदय आणि बस्ती (मूत्राशय) या तीनच मर्मांवर आहे. तो कायचिकित्सक, हाती शस्त्र नसलेला; त्याला एवढ्याने भागत होते.

सुश्रुताचे खरे काम परिणामांवरून केलेल्या वर्गवारीत दिसते. 19 मर्मे सद्यःप्राणहर, म्हणजे सात दिवसांच्या आत जीव घेणारी, 33 कालांतरप्राणहर, पंधरवड्यात किंवा महिन्यात मारणारी, 44 वैकल्यकर, म्हणजे अवयव अधू करणारी, 8 रुजाकर, म्हणजे फक्त वेदना देणारी, आणि उरलेली 3 विशल्यघ्न, म्हणजे रुतलेले शल्य काढताच मारणारी. हा शेवटचा वर्ग फार मोलाचा आहे. दोन भुवयांच्या मध्ये असलेल्या स्थपनी मर्मात बाण रुतला, तर तो आत आहे तोवर माणूस जगतो. उपटला की मरतो. पिकून आपोआप गळून पडला तर वाचतो. शरीरात खुपसलेली वस्तू जागेवर उपटू नये, ती तशीच स्थिर ठेवून रुग्णाला हलवावे, हे आजच्या प्रथमोपचारातही शिकवतात. रुतलेली वस्तू फाटलेली रक्तवाहिनी दाबून धरत असते, हे त्याचे कारण.

मर्म म्हणजे टिंब, ही समजूत चुकीची आहे. चित्रात ठिपका काढणे सोयीचे असते म्हणून ती पसरली. सुश्रुत प्रत्येक मर्माचे माप देतो, आणि तेही ज्याचे शरीर त्याच्याच बोटांनी मोजलेले. मांडीतले उर्वी एक अंगुल. मनगट व घोटा दोन अंगुले. गुडघा व कोपर तीन. हृदय, नाभी, बस्ती यांसारखी मर्मे मिटलेल्या तळहाताएवढी. बाकीची बहुतेक अर्ध्या अंगुलाची. म्हणजे मर्माला लांबी-रुंदी आहे, खोली आहे आणि आत काहीतरी आहे. ते काय आहे हे ज्याला ठाऊक नाही त्याला 107 नावे तोंडपाठ असून उपयोग नाही.

ते आत काय आहे हे बघण्याची रीतही सुश्रुताने त्याच्या आधीच्याच अध्यायात सांगितली आहे. सर्व अवयव शाबूत असलेले, विषाने न मेलेले, दीर्घ आजाराने न झिजलेले, शंभरी न गाठलेले प्रेत घ्यावे. आतड्यांतला मळ काढावा. मुंज गवत, झाडाची साल, कुश किंवा ताग यांनी गुंडाळून पिंजऱ्यात घालून संथ वाहत्या पाण्यात आडोशाला ठेवावे. सात रात्रींनी ते चांगले कुजले की बाहेर काढून वाळा, केस, वेळू किंवा बल्वज गवत यांच्या कुंचीने हळूहळू खरवडत जावे आणि त्वचेपासून आतपर्यंतचा एकेक थर डोळ्यांनी पाहावा. इथे सुरीचे काम कुंचीच करते. थर सुटत जातात, पण सडल्यामुळे मऊ अवयवांचा तपशील हरवतो. हाडे, सांधे, बंध यांविषयी सुश्रुत नेमका आणि मेंदू किंवा मज्जातंतूंविषयी मोघम का, याचा थोडा उलगडा यावरून होतो.

'मर्मे म्हणजे निम्मे शल्यतंत्र (शस्त्रक्रियाशास्त्र)' असे मर्मांच्या सहाव्या अध्यायात म्हटले आहे. पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांच्या बेचक्यातील क्षिप्र मर्माला वेध झाला तर आचके येऊन मृत्यू येतो, असे सुश्रुत नोंदवतो. पायात खिळा जाऊन होणारा धनुर्वात ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. क्षिप्र किंवा तलहृदय (तळहाताच्या वा तळपायाच्या मध्यावरील मर्म) यांना जबर इजा झाल्यास तो हात मनगटापाशी किंवा पाय घोट्यापाशी तत्काळ छाटावा असा त्याचा सल्ला आहे. कारण असे की हात-पाय तुटले तर सिरा आकुंचन पावतात, रक्त थोडे जाते आणि फांद्या तोडलेल्या झाडाप्रमाणे माणूस तगतो. पूर्ण तुटलेली धमनी आकसते आणि अर्धवट फाटलेली वाहत राहते, हे निरीक्षण बरोबर आहे.

आजच्या शारीराच्या उजेडात : जुनी मर्मे आणि आजची शरीररचना यांची एकास एक जोडी लावण्याचा हव्यास पुष्कळांना असतो. तो आवरायला हवा. पण काही जागा दुर्लक्ष करण्याजोग्या नाहीत. काखेतील कक्षधर मर्माच्या इजेने पक्षाघात होतो असे ग्रंथ म्हणतो, आणि काखेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा जुडगा तिथेच आहे. कोपराच्या कूर्पर मर्माने हात वाकडा होतो. कोपराच्या आतल्या बाजूला जे टोकदार हाड हाताला लागते त्याच्या मागच्या खोबणीत बोट फिरवून पाहावे: दोरीसारखे काहीतरी सटकते आणि करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. तो अल्नर मज्जातंतू. तिथे त्याच्यावर केवळ कातडी आहे, स्नायूंची गादी नाही. तो कायमचा दुखावला तर करंगळी व अनामिका नखीसारख्या वाकतात.

मर्म असण्याची कारणे शेवटी दोनचारच निघतात. मज्जातंतू हाडावर उघडा पडलेला असणे हे एक. रक्तवाहिनी वरवर असणे हे दुसरे. तिसरे हाड पातळ असणे: कानशिलापाशी, सुश्रुताच्या शंख मर्माच्या परिसरात, कवटीचे हाड सर्वांत पातळ आहे आणि त्याच्या आतल्या बाजूने मेंदूच्या आवरणाची धमनी जाते. चौथे कारण वेळेचे आहे. छातीवर हृदयाच्या नेमक्या समोर बसलेला साधा फटका, चेंडूचाही, हृदयाच्या ठोक्यातल्या सेकंदाच्या काही शतांशांएवढ्या नाजूक क्षणी पडला तर निरोगी तरुणाचे हृदयही लय सोडून थरथरू लागते. याला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. तत्काळ छातीदाब आणि विजेचा झटका मिळाला तरच माणूस वाचतो.

मानेचे उदाहरण सगळ्यांत बोलके आहे. मानेच्या दोन्ही बाजूंच्या आठ सिरांना सुश्रुत मातृका म्हणतो आणि सद्यःप्राणहर ठरवतो. कंठमण्याच्या वरच्या कडेच्या पातळीवर, बाजूला, कॅरोटिड धमनी दुभंगते. तिथे रक्तदाब मोजणारे मज्जातंतूंची टोके आहेत. त्यांच्यावर दाब पडला की मेंदूला रक्तदाब वाढल्याचा खोटा निरोप जातो आणि हृदय मंदावते. म्हणून इथल्या फटक्याने माणूस कोसळतो. ज्युदोतील गळा आवळण्याच्या डावांत (शिमे-वाझा) दोन्ही धमन्या दाबल्या जाऊन साधारण 10 सेकंदांत शुद्ध हरपते. आणि बेफाम वेगाने धडधडणारे हृदय ताळ्यावर आणण्यासाठी डॉक्टर याच ठिकाणी मालिश करतात: एका वेळी एकाच बाजूला, काही सेकंद, ईसीजी लावून, आणि आधी स्टेथोस्कोपने तिथे घरघर ऐकू येत नाही याची खात्री करून. घरघर असेल तर धमनीत मेदाचा थर साचलेला असू शकतो. तो सुटून मेंदूत गेला तर लकवा मारतो.

युद्धकलांतील परंपरा : केरळच्या कळरिपयट्टूत शिक्षण शरीरसाधनेपासून (मैतारी) सुरू होते, मग लाकडी हत्यारे (कोलतारी), मग धातूची (अंगतारी) आणि अखेरीस रिकाम्या हाताची लढत (वेरुंकै). मर्मज्ञान या शेवटच्या टप्प्याशी बांधलेले असते आणि उत्तरेकडील शैलीत गुरुक्कल (गुरू) ते निवडक शिष्यांनाच देतात. गुप्ततेमागे गूढतेपेक्षा व्यवहार अधिक आहे: अर्धवट शिकलेल्याच्या हाती हे पडू नये. शिवाय गुरुक्कल हाच गावाचा हाडवैद्यही असतो. छताला बांधलेल्या दोरीला धरून पायांनी शिष्याचे अंग रगडणारा (चवुट्टि उळिच्चिल) गुरू त्याच्या शरीरातला प्रत्येक खळगा पायाच्या तळव्याने ओळखतो. जुन्या त्रावणकोर संस्थानाच्या दक्षिण टोकाला, आजच्या कन्याकुमारी जिल्ह्यात, अगस्त्याला आद्यगुरू मानणारी तमिळ परंपरा आहे. तिच्यात 108 वर्मे मानतात: 12 पडुवर्मे (जीवघेणी) आणि 96 तोडुवर्मे (स्पर्शाची). मार लागलेल्याला शुद्धीवर आणण्यासाठी दाबायच्या जागांना अडंगल म्हणतात. सिद्ध या तमिळ वैद्यकाच्या अभ्यासक्रमात वर्म हा विषय आजही आहे.

जपानी कलांत अशा जागांना क्यूशो म्हणतात. तिथेही जुजुत्सूचे शिक्षक हाडे बसवण्याचे काम करीत, आणि त्यातून निघालेली ज्युदो-अस्थिचिकित्सा हा आज जपानमध्ये परवान्याचा व्यवसाय आहे.

अमुक ठिकाणी बोट लावले की माणूस महिन्याने मरतो, अशा कथा चीनपासून केरळपर्यंत सगळीकडे आहेत. स्पर्शाने असे होते याला पुरावा नाही. उशिरा येणारे मरण मात्र खरे आहे, आणि कथेचे बीज बहुधा तिथेच असावे. कानशिलावर मार लागून आतली धमनी फाटली, तर माणूस क्षणभर बेशुद्ध होऊन पुन्हा उठतो, बोलतो, जेवतो आणि काही तासांनी साचलेल्या रक्ताखाली मेंदू दबून जातो. फुटलेली प्लीहा कधी काही दिवसांनी रक्त सोडते. जखम चिघळली तर पंधरवडा, महिना सहज लागतो.

उपचार : दाबबिंदूंच्या उपचारांबाबतचे दावे एका मापाने मोजता येत नाहीत. चिनी परंपरेतील 361 बिंदूंपैकी मनगटाच्या आतल्या बाजूचा एक बिंदू बराच तपासला गेला आहे. मनगटाच्या घडीपासून तीन बोटे वर, मूठ वळून मनगट किंचित वाकवले की ज्या दोन ताठ दोऱ्या दिसतात त्यांच्या मधोमध. शस्त्रक्रियेनंतरची मळमळ त्यावरील दाबाने कमी होते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे. त्याखालून मीडियन मज्जातंतू जातो. इतर बहुतेक बिंदूंबाबत एवढा भक्कम आधार नाही. स्नायूंतला ताण सैल होणे, वेदनेवरून लक्ष हटणे आणि कुणीतरी आस्थेने हात लावणे यांचा वाटा त्यात मोठा असतो.

पोटरीच्या मध्यावर इंद्रबस्ती मर्म आहे. थकव्यावर तिथले मर्दन सुखावह वाटते. पण एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दाबल्यावर दुखणारी असेल तर तिला हात लावू नये. खोल शिरेत रक्ताची गाठ असण्याची शक्यता असते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

अभ्यास : शिकण्याची वाट हाडांपासून सुरू होते, कारण चाचपून ओळखता येतात ती हाडेच. घोट्याची दोन टोके, गुडघ्याची वाटी, नडगीची धार, गळपट्टीचे हाड, कानामागचा उंचवटा. मग नाड्या: मनगट, कोपराची लवण, जांघ, गुडघ्यामागची खोली, पावलाची वरची बाजू. गुडघ्यामागची नाडी बहुतेकांना पहिल्या दिवशी सापडत नाही. पाय किंचित दुमडून, दोन्ही हातांची बोटे मागून खोल रुतवावी लागतात. त्यानंतर मज्जातंतूंच्या वाटा, आणि सर्वांत शेवटी दाब: किती, कोणत्या दिशेने, कोणत्या हाडावर. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या मानेवरून जाणारा मज्जातंतू एक बोटभर वर दाबला तर काहीच होत नाही. नेमका दाबला तर पाऊल बधिर होते, आणि तिथेच जोराची लाथ बसली तर ते कित्येक महिने उचलत नाही.