कळशीतलं लोह

डिचोलीजवळच्या एका घरी मे महिन्यात बोअरवेलचं पाणी काढलं, तेव्हा ते अगदी नितळ होतं. पातेल्यात तसंच ठेवलं. संध्याकाळी त्याला पिवळट झाक आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी तांबूस गाळ बसलेला. पाण्यात कुणी काही घातलं नव्हतं. त्या घरातल्या आजींनी मला त्याच पाण्याचा कोरा चहा चुलीवर करून दाखवला. तो शाईसारखा काळपट दिसत होता. "ह्या पाण्याचा चहा असाच होतो, म्हणून चहाला नळाचंच पाणी घेतो," त्या म्हणाल्या.

आजी करत होत्या ती लोहाची चाचणीच होती. चहातली टॅनिनं, म्हणजे त्याला तुरटपणा देणारी द्रव्यं, पाण्यातल्या लोहाला धरतात आणि काळं संयुग बनतं. हिरडा आणि हिराकस (लोहाचं सल्फेट) एकत्र करून पूर्वी शाई करत, तिच्यामागचं रसायनही हेच. रंग जितका गडद, तितकं लोह जास्त. पाण्यातलं लोह मोजणारं आजचं स्वयंचलित यंत्रही याच तत्त्वावर चालतं, फक्त चहाऐवजी त्यात नेमका अभिकर्मक, म्हणजे लोहाशी संयोग पावणारं रसायन असतं आणि डोळ्यांऐवजी प्रकाशसंवेदक.

गोव्यात लोह पायाखालीच आहे. आपण ज्या चिऱ्यांची घरं बांधतो तो जांभा म्हणजे लाखो वर्षांच्या पावसाने सिलिका धुऊन नेल्यावर मागे उरलेलं लोह आणि ॲल्युमिनियम. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा इथला खनिज पट्टा तर उघडच आहे. पण जमीन तांबडी म्हणून पाण्यात लोह विरघळलेलंच असणार, असं नाही. मोकळ्या हवेतल्या पाण्यात तांबडं लोह जवळजवळ विरघळत नाही. ते विरघळतं जिथे प्राणवायू संपलेला असतो तिथे: खोल बोअरवेलमध्ये, किंवा पावसाळ्याआधी एखाद्या खोल जलाशयाच्या तळाशी. तिथे लोह फेरस रूपात असतं, रंगहीन आणि डोळ्यांना न दिसणारं. पाणी वर आलं, हवा लागली, की त्याचं फेरिक होतं आणि गंजासारखा गाळ खाली बसतो. हे किती वेगाने होईल ते पाण्याच्या सामूवर (pH, आम्लधर्मी पाण्याचा कमी असतो) ठरतं. सामू एका अंकाने वाढला तर वेग सुमारे शंभरपट होतो. जांभ्यातलं पाणी बऱ्याचदा थोडं आम्लधर्मी असतं, म्हणून त्या पातेल्याला रंग यायला संध्याकाळ झाली.

खरी अडचण इथेच आहे. शिकत असताना मी अशाच एका बोअरवेलचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेला होता. नमुना घेतानाच त्यात नायट्रिक आम्ल घालून सामू 2 च्या खाली आणावा लागतो. ते माझ्याकडून राहिलं. बाटली दुपारभर पिशवीत होती. मोजणी केली तेव्हा लोह बरंच कमी निघालं, आणि बाटली रिकामी केल्यावर आतल्या भिंतीवर बोटाने पुसता येईल असा नारिंगी थर होता. जे मोजायला गेलो होतो ते बाटलीलाच चिकटून राहिलं होतं. लोहाच्या बाबतीत पाणी यंत्राकडे नेण्यापेक्षा यंत्रच पाण्यापाशी न्यावं, हे माझं मत त्या दिवसापासूनचं आहे.

ऑनलाइन ॲनालायझर म्हणजे तेच. यातल्या 'ऑनलाइन'चा इंटरनेटशी संबंध नाही. ते यंत्र जलवाहिनीवरच बसवलेलं असतं, एवढाच अर्थ. भिंतीवरच्या कपाटाएवढ्या त्या पेटीत एक बारीक नळी मुख्य वाहिनीतून सतत पाणी आणते. रुळांनी रबरी नळी चेपत जाणारा छोटा पंप ठरावीक पाणी काचेच्या कुपीत सोडतो. आधी त्या पाण्यातून प्रकाश सोडून पाण्याचा स्वतःचा रंग आणि गढूळपणा नोंदवला जातो. मग अभिकर्मक येतात. एक फेरिक लोहाला फेरस करतो, दुसरा त्याला धरून रंग देतो. हा दुसरा अभिकर्मक फेनँथ्रोलिन असेल तर नारिंगी-लाल रंग येतो, फेरोझिन असेल तर जांभळा. काही मिनिटं थांबून पुन्हा प्रकाश सोडायचा, आणि पहिली नोंद वजा करायची. लिटरला 0.3 मिलिग्रॅम लोह असेल तर फेरोझिनचा जांभळा रंग 1 सेंटिमीटर कुपीत 562 नॅनोमीटरचा प्रकाश सुमारे तीस टक्के अडवतो. आपल्या डोळ्यांना तो फिकट जांभळा भासेल, पण संवेदकाला तेवढा पुष्कळ होतो. मग कुपी धुतली जाते, आकडा नियंत्रणकक्षात जातो आणि पुढचा फेरा सुरू होतो.

0.3 हा आकडा मी मुद्दाम घेतला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साधारण एवढ्या लोहापर्यंत चव जाणवत नाही, आणि त्याच्या वर कपड्यांवर, भांड्यांवर डाग पडू लागतात. आरोग्यासाठी म्हणून संघटनेने लोहाची मर्यादा घातलेली नाही. तरीही 500 लिटरच्या टाकीत लिटरला 2 मिलिग्रॅमचं पाणी आलं, तर टाकीभर पाण्यात 1 ग्रॅम लोह येतं. रोजच्या भरण्यात वर्षभराचा गाळ किती होईल, ते टाकी घासणाऱ्यालाच विचारा.

शुद्धीकरण प्रकल्पाला मात्र या आकड्याची वेगळीच गरज असते. 1 मिलिग्रॅम फेरस लोह सुमारे 0.63 मिलिग्रॅम क्लोरीन खाऊन टाकतं. म्हणजे 2 मिलिग्रॅम लोह असेल तर जंतू मारायला घातलेल्या क्लोरीनपैकी सव्वा मिलिग्रॅम लोहावरच खर्च होतो. भारतीय मानकाप्रमाणे नळापर्यंत किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरायला हवा. लोह दुपारी वाढलं आणि अहवाल परवा आला, तर मधल्या काळात काय प्यायलं गेलं?

ओपाच्या शुद्धीकरण प्रकल्पाला खांडेपार नदीचं पाणी येतं, साखळीच्या प्रकल्पाला वाळवंटी नदीचं. अशा ठिकाणी पावसाळ्यात प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. जूनमध्ये नदी तांबडी वाहते, ती विरघळलेल्या लोहाने नव्हे, मातीच्या कणांनी. त्या कणांतलं हेमॅटाइट हे लोहखनिज सौम्य अभिकर्मकाला दाद देत नाही, ते सुटायला आम्ल आणि उष्णता लागते. साधा ॲनालायझर अशा पाण्यात कमी आकडा दाखवील, आणि त्यात त्याची चूक नसेल. म्हणून यंत्र घेण्याआधी हे ठरवलं पाहिजे: विरघळलेलं लोह मोजायचंय की एकूण? बोअरवेलसाठी पहिलं बहुधा पुरतं. नदीतून पाणी उचलतात तिथे दोन्ही लागतात, आणि एकूण लोहासाठी नमुना आम्लात तापवून कणांतलं लोह सुटं करणारा कक्ष असलेलं यंत्र लागतं.

यंत्रासमोरचा माणूस मला यंत्राइतकाच महत्त्वाचा वाटतो. नमुन्याची नळी लांब असेल, पाणी हळू येत असेल, तर त्या बाटलीसारखंच होतं. लोह नळीच्या आत बसतं. मग लोहजीवाणू तिथे नारिंगी बुळबुळीत थर धरतात, आणि एखाद्या दिवशी तो थर सुटून यंत्रात आला की आकडा अचानक उसळी मारतो. गोव्याच्या उन्हात अभिकर्मकही लवकर उतरतात. पंपाची रबरी नळी चेपून चेपून सैल पडते आणि माप कमी भरतं. म्हणून ठरावीक दिवसांनी लिटरला 0.50 मिलिग्रॅम लोहाचं तयार द्रावण यंत्राला पाजायचं. यंत्राने 0.41 सांगितलं, तर नदीवर विश्वास ठेवण्याआधी पेटी उघडायची, नळी बदलायची, कुपी पुसायची आणि पुन्हा पाजायचं.