हवामान बदल, बेळगाव सीमाभागातील

हवामान बदल, बेळगाव सीमाभागातील : कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी या मराठी वस्ती असलेल्या तालुक्यांना बदलत्या पाऊसमानाचा बसणारा फटका आणि त्यातून सावरण्याचे लोकांचे व सरकारचे उपाय. मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीला वर्षाला 3,000 मिमीहून जास्त पाऊस कोसळतो. तिथून सुमारे 150 किमीवरच्या अथणीत पाचसहाशे मिमी पडला तरी वर्ष बरे गेले म्हणतात. त्यामुळे एकाच जिल्ह्यात कुठे पूर, तर कुठे पाण्याचा टँकर, असे चित्र दिसते.

चिकोडी-निपाणी पट्ट्यातला महापूर गावच्या पावसाने येत नाही. कोयना, वारणा, पंचगंगा यांचे पाणी कृष्णेतून येते. राधानगरी-भुदरगडच्या डोंगरातले दूधगंगा-वेदगंगेतून. म्हणून गावात ऊन पडलेले असतानाही नदी पात्र सोडते. कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ, कल्लोळ-येडूर हे ठेंगणे पूल-बंधारे आधी बुडतात आणि पलीकडच्या गावी जायला लांबचा वळसा पडतो. महाराष्ट्राच्या हद्दीतील कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यावरून आज किती क्युसेक पाणी सुटले, हा प्रश्न पावसाळ्यात नदीकाठच्या प्रत्येक कट्ट्यावर ऐकू येतो. 2005, 2019 आणि 2021 चे पूर मोठे. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेबरोबर घटप्रभा, मलप्रभा आणि मार्कंडेयही फुगल्या. गोकाक शहरात पाणी शिरले. जुलै 2021 मध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेच्या पाण्याने पुणे-बंगळूर महामार्ग रोखला.

ऊस हे दणकट पीक. बुडख्याला पाणी असले तर ते काही दिवस तग धरते. पण शेंडा बुडाला आणि पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या गुंडाळीत, गाळ बसला की संपले. पाणी ओसरल्यावर फड लांबून हिरवाच दिसतो. जवळ जाऊन पोंगा ओढला तर तो अलगद हातात येतो आणि कुजका वास सुटतो. पंचनामा घाईने, बांधावरूनच झाला तर हे नुकसान कागदावर येत नाही. राज्य आपत्ती निधीची मदत 33 टक्के किंवा त्याहून जास्त पीक गेले तरच मिळते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पोंग्याचे मोल कळते.

बेळगाव शहरालगत येळ्ळूर, वडगाव, शहापूरचे शिवार बासमती भातासाठी नावाजलेले. इथे बळ्ळारी नाला गाळ आणि जलपर्णीने तुंबतो, भात पाण्याखाली जाते आणि शेतकऱ्याला दुबार खर्च करावा लागतो. याचा सगळा दोष हवामानावर टाकणे बरोबर नाही. हवा 1 अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पाऊस थोड्या वेळात धो धो कोसळतो, हे खरे. पण नाला वेळेवर उपसणे माणसाच्या हातात आहे.

दुसरी बाजू उघडिपीची. वळीव झाला की मशागत, मग धूळवाफ म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत केलेली पेरणी, मृगाची वाट, पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा पाऊस, हे खानापूर-बेळगावचे जुने वेळापत्रक आहे. मृग कोरडा गेला तर धूळवाफेचे बियाणे मातीतच वाया जाते. खानापूरच्या काजूचा मोहोर अवकाळी पावसाने आणि धुक्याने करपतो. कोरड्या वर्षाचे ठळक उदाहरण 2023 : मेअखेर कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी कृष्णेत पाणी सोडण्याची विनंती महाराष्ट्राला केली आणि पुढे राज्यातील बहुतेक तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. पावसाळ्यात जे पाणी नको असते, त्याच पाण्यासाठी उन्हाळ्यात पत्र लिहावे लागते.

सरकारी पातळीवर देशाचा हवामान बदल कृती आराखडा 2008 मध्ये आला. त्यानंतर राज्याने आपला केला. 1988 मध्ये दुष्काळ निरीक्षणासाठी सुरू झालेल्या कक्षातून वाढलेले राज्य आपत्ती निरीक्षण केंद्र ग्रामपंचायत पातळीवरील पर्जन्यमापकांची माहिती गोळा करते आणि ‘वरुणमित्र’ या दूरध्वनी सेवेवरून अंदाज सांगते. 2014 पासून ‘कृषी भाग्य’ योजनेतून शेततळी झाली. कोरड्या पट्ट्यात त्यांचा उपयोग होतो, नदीकाठी मात्र पूर किती तास आधी कळतो यावरच सारे अवलंबून असते. तिथे भाषेचा प्रश्न येतो. 15 टक्के किंवा त्याहून जास्त भाषिक अल्पसंख्याक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे देशाचे मान्य धोरण आहे. पुराचा इशारा त्यात सर्वांत आधी बसायला हवा. कन्नड वाचता न येणाऱ्या आजीलाही तो त्याच तासाला समजला पाहिजे.

पूरग्रस्तांच्या सरकारी निवाऱ्याला पूर्वी ‘गंजी केंद्र’ म्हणत, गंजी म्हणजे पेज. आता त्याचे नाव ‘काळजी केंद्र’ आहे, आणि काळजी हा शब्द मराठी-कन्नड दोन्हींत एकच. जनावरांची सोय नसेल तर मात्र घरातला एक जण मागेच राहतो. दावणीच्या म्हशी सोडून तो तिथे जात नाही.