एपिग्लॉटिस

एपिग्लॉटिस म्हणजे जिभेच्या मुळामागे, स्वरयंत्राच्या तोंडाशी उभे असलेले लवचीक कूर्चेचे पाते. कानाचा वरचा भाग दुमडून सोडला की लगेच पूर्ववत होतो, त्याच जातीची ही कूर्चा. तिचा आकार पानासारखा. देठ कंठमण्याच्या आतल्या बाजूला बांधलेले, टोक वर मोकळे. आरशात लोंबताना दिसते ती पडजीभ, हे पाते नव्हे.

घशात हवा आणि अन्न काही अंतर एकाच वाटेने जातात. मग फाटा फुटतो: पुढे श्वासनलिका, मागे अन्ननलिका. त्यामुळे प्रत्येक घासाला श्वासनलिकेच्या दारावरूनच पलीकडे जावे लागते.

घास आला की झाकण पडते, असे शाळेत शिकवतात. ते अर्धेच खरे. हे पाते स्वतःच्या बळावर फारसे हलत नाही, ते पाडले जाते. कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळून पाहावा. मणी झटकन वर सरकतो आणि खाली येतो. त्या क्षणी हनुवटीखालचे स्नायू जिभेच्या मुळाशी असलेल्या हायॉइड हाडासह सगळे स्वरयंत्र वर आणि पुढे ओढतात, जिभेचे मूळ मागे रेटले जाते आणि मधे सापडलेले पाते मागे कलंडते. याच ओढीने अन्ननलिकेचे मिटलेले तोंडही उघडायला मदत होते. घशातला हा सगळा खेळ साधारण एका सेकंदात आटोपतो. तेवढा वेळ श्वास थांबलेला असतो आणि बहुतेकदा गिळून झाल्यावर आधी उच्छ्वास होतो, म्हणजे दाराशी काही उरले असेल तर ते बाहेर ढकलले जाते.

खरा बंदोबस्त पात्याच्याही खाली असतो. स्वरतंतू घट्ट मिटतात, त्यांच्या वरच्या घड्या जवळ येतात आणि स्वरतंतूंची मागची टोके ज्यांना जोडलेली असतात त्या ॲरिटेनॉइड कूर्चा पुढे झुकतात. कर्करोगामुळे एपिग्लॉटिस काढावे लागलेले अनेक रुग्ण सरावाने पुन्हा नीट गिळू लागतात, ते याच जोरावर. पाते मुख्यतः घास दोन्ही बाजूंनी वळवून देते. पुलाच्या खांबाशी पाणी दुभंगते तसे.

हा बंदोबस्त कुठे चुकतो ते पाहायला पुण्यातले मिसळीचे टेबल उत्तम. फरसाण चावायचे असते, पण त्यातले पातळ सँपल चावणे संपायची वाट बघत नाही. ते आधीच ओघळून जिभेच्या मुळाशी, पात्यापुढच्या खोबणीत साचते. तिखटाने तोंड पोळले म्हणून माणूस ‘स्स्’ करून हवा आत ओढतो, किंवा समोरच्याला उत्तर द्यायला तोंड उघडतो (पुण्यात उत्तर राहून जाणे अवघडच). दार उघडे, रस्सा दाराशी, की लागला ठसका. स्वरयंत्राच्या अस्तरातल्या संवेदना व्हेगस मज्जातंतूच्या शाखेतून मेंदूच्या तळाशी पोहोचतात आणि खोकला उसळतो. ठसका म्हणजे राखण जागी असल्याची खूण.

ती जागी नसते तेव्हा धोका वाढतो. पक्षाघातानंतर काही रुग्णांच्या श्वासनलिकेत पाणी उतरते आणि खोकलाही येत नाही. पुढे न्यूमोनिया होऊ शकतो. अशांना घट्ट केलेले पेय किंवा हनुवटी छातीकडे झुकवून गिळणे शिकवतात, पण ते तपासणीनंतरच, कारण प्रत्येकाला ते लागू पडत नाही. लहान मुलांची अडचण वेगळी: दाढा नीट आलेल्या नसतात, श्वासनलिका अरुंद असते. बागेतल्या पुडीतला खारा दाणा हसता-धावताना आत गेला, तर पुष्कळदा उजव्या फुप्फुसाच्या नळीत जातो, कारण ती डावीपेक्षा रुंद आणि सरळ असते.

ठसका लागला की आपल्याकडे ‘वर बघ’ म्हणत पाठीत थापट्या घालतात, वर पाणीही पाजतात. खोकता येते आहे, आवाज निघतो आहे, तोवर माणसाला खोकू द्यावे आणि पाणी थांबवावे. आवाजच बंद झाला, तर मात्र घास अडकला आहे. तेव्हा थांबायचे नसते. खांद्यांच्या मधोमध जोरदार थापा आणि 1974 मध्ये हाइमलिक यांनी मांडलेला पोटावरचा दाब, हे मोठ्यांसाठीचे उपाय. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटावर दाब देत नाहीत. त्याला पालथे धरून पाठीवर पाच थापा आणि मग उताणे करून छातीवर पाच दाब देतात.